भिंतीकडे तोंड केलेली चित्रं

न्यूझीलंडमधल्या पोरिरुआतला आमचा फ्रेमवाला इंग्लंडला कधीच गेलेला नाही. तरी त्याच्या दुकानभर डेव्हन काउंटीतल्या जुन्या हवेल्यांची आणि पुलांची चित्रं आहेत. एखादी हवेली पाडल्याचं कळलं, की तो तिचं चित्र भिंतीकडे तोंड करून टांगतो. “गेलेलं कशाला बघायचं, मेट?” म्हणतो.

बायकोचा फोटो फ्रेम करायला दिला, तेव्हा ती गेल्याचं मी त्याला सांगितलं होतं. आणायला गेलो, तर फोटो काउंटरमागे सरळ टांगलेला.

“ती गेली, म्हणालो होतो ना?” मी गोंधळून विचारलं.

“हो रे. पण उलटा करायला हात धजेना.”

घरी खिळ्यापाशी फोटो घेऊन मी बराच वेळ उभा राहिलो. तिच्याकडे बघवत नव्हतं, आणि माझाही हात धजत नव्हता.