लमार यॉस्टच्या बंदुकीला काय मानवलं

लमार यॉस्टनं जन्मभर खुर्च्या केल्या. आमच्या लॉरेल रनच्या खोऱ्यात त्याच्या हातची एक तरी खुर्ची नाही असं घर सापडायचं नाही. खुर्च्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा त्याची साठी उलटून गेली होती. हात रिकामे ठेवायची सवय नव्हती, म्हणून त्याच हिवाळ्यात त्यानं बंदूक करायला घेतली. नळी आणि चकमकीचा घोडा तेवढा विकत आणला. दस्ता मात्र मेपलच्या फळीतून स्वतः कोरून काढला. त्या लाकडात वाघाच्या अंगावर असावेत तसे पट्टे होते. वसंतात बंदूक पुरी झाली, तेव्हा माणसं मुद्दाम बघायला यायची, दस्त्यावरून हात फिरवायची आणि वा वा करत परत जायची.

आमच्याकडे पेनसिल्व्हेनियात नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून हरणांचा एक वेगळा हंगाम लागतो. त्यात चकमकीची, ठासणीची बंदूकच चालते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, तेलकट चिंधीत बसवलेली शिशाची गोळी गजानं ठासायची, घोड्यापाशी चिमूटभर रंजक, म्हणजे ठिणगीनं पेटणारी बारीक दारू, घालायची आणि चाप ओढायचा. बार एकच. तो चुकला की तुम्ही पुन्हा ठासून तयार होईपर्यंत हरीण पलीकडच्या डोंगरावर जाऊन चरायला लागलेलं असतं.

लमारचा बार नेहमी चुकायचा. एक गोळी डावीकडे जायची, दुसरी उजवीकडे, तिसरी कुठे गेली ते कळायचंच नाही. त्याच्या बायकोचा, आर्डिसचा, थोरला भाऊ विल्मर बिट्नर हा आमच्यातला नावाजलेला शिकारी. आवाजानंही मोठा.

"लमार, ही बंदूक भिंतीवर टांग बाबा," तो सगळ्यांसमोर म्हणायचा. "हरणं तिला बघायला आपणहून येतील. तेव्हा हातानं धर."

लमार हसून घ्यायचा. दुसऱ्या हंगामात मात्र हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. मी त्याचा शेजारी, त्या दिवशी त्याच्याबरोबर होतो. चाळीसेक पावलांवर एक मादी आडवी उभी राहिली. यापेक्षा सोपा बार कुणाला मिळायचा नाही. लमारनं नेम धरला खांद्यामागे आणि गोळी लागली पोटात. मादी पळाली. बर्फावरच्या रक्तामागून आम्ही दोघं ओढा ओलांडून, सरकारी जंगलाच्या कडेकडेनं दुपार कलेपर्यंत चालत राहिलो. ती लॉरेलच्या दाट झुडपांत बसलेली सापडली, अजून जिवंत. लमारनं तिला त्या वेदनेतून कायमचं सोडवलं. मग टोपी काढून बर्फातच बसला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

खाली येताना तो एवढंच बोलला, "तीन गोळ्या एका बशीत बसल्याशिवाय ही बंदूक पुन्हा रानात नेणार नाही."

"आणि नाहीच बसल्या तर?"

"तर विल्मर म्हणतो तसं. भिंतीवर."

बर्फ वितळल्यावर त्यानं कोठारामागच्या जुन्या दगडखाणीत निशाण लावलं. ठासणीच्या बंदुकीचं दुखणं असं, की दोन बंदुका एकाच माणसानं केल्या तरी एकीला मानवतं ते दुसरीला मानवत नाही. कितीची दारू, कुठली चिंधी, कसलं तेल, हे ज्याचं त्यानं बार काढकाढूनच ठरवायचं असतं. विल्मरला मात्र उत्तर आधीच ठाऊक होतं.

"दारू वाढव," तो म्हणाला. "गोळी घाबरत घाबरत जातेय, म्हणून भरकटतेय. जरा ढकल तिला!"

लमारनं दारू मोजायच्या पितळी मापाची दांडी नव्वदच्या खुणेवर नेली, मग शंभरवर. खाणीत असा आवाज घुमायचा की आमच्या कोंबड्या दिवसभर अंडी द्यायला विसरायच्या. गोळ्या मात्र पहिल्यापेक्षा जास्त पसरायला लागल्या. लमारचा खांदा निळा पडला.

आर्डिसला हे सगळं पसंत नव्हतं. खाली गावात शर्टांचा कारखाना होता तोवर ती तिथे शिवायला जायची, कॉलरच्या मशीनवर. बोलायला तिखट, पण मनात काही ठेवायची नाही. बंदुकीला ती सवत म्हणायची.

"झोपेत कण्हत होतास," एका सकाळी अंडी तळता तळता ती म्हणाली. "सवत लाथा मारते वाटतं?"

"विल्मर म्हणतो, अजून थोडी दारू..."

"विल्मर माझा भाऊ आहे म्हणून सांगते. लहानपणी त्यानं चुलीत रॉकेल वाढवलं होतं. भुवया परत उगवायला सबंध उन्हाळा गेला."

त्याच आठवड्यात कपडे धुवायला टाकताना तिला लमारच्या पँटच्या खिशांत चिंध्यांचे गोळे सापडले. काळे, तेलकट आणि सडक्या अंड्यांचा वास मारणारे. बार उडाला की गोळीभोवतीची चिंधी चार पावलांवर पडते. लमार ती वेचून आणायचा, पण बघून करायचं काय हे त्याला उमगत नव्हतं. आर्डिस चिंध्या चिमटीत धरून थेट कोठारात गेली. मी तिथे कॉफी पीत बसलो होतो.

"हे माझ्या धुण्याच्या मशीनमध्ये घालायचं होतं तुला?"

"राहिलं खिशात."

ती पुढे बोलणार होती, पण चिंधी उजेडाकडे धरली आणि थांबली. चिंधीच्या मधोमध जळून भोक पडलं होतं. दुसरीलाही तसंच. तिसरीच्या तर धांदोट्या झाल्या होत्या.

"लमार, हे कापड कुठलं?"

लमार गज पुसायला लागला.

"माझे उशीचे अभ्रे! तरीच म्हणते दोन कमी कसे!" मग चिडायचं विसरून तिनं कापड बोटांत चोळलं. "असलं पातळ, धुऊन धुऊन विरलेलं कापड कुणी वापरतं का? एवढ्या जाळात हे टिकेलच कसं? ही चिंधी करायची काय असते तिथे?"

लमारनं सांगितलं, की नळीच्या आतल्या बाजूला पिळाच्या खाचा असतात. चिंधी त्यांत घट्ट बसली तर गोळी फिरत, सरळ जाते. चिंधी आधीच जळली तर गोळीला धरायला काही उरत नाही.

"मग गोळी बिचारी काय करील?" आर्डिस म्हणाली. "जाड काहीतरी हवं. थांब."

ती वर जाऊन गादीच्या खोळीचं निळ्या पट्ट्यांचं कोरं कापड घेऊन आली. घट्ट विणीचं, हाताला खडबडीत. लमारनं त्याच्या चिंध्या कापल्या, मेण आणि ऑलिव्हचं तेल लावलं आणि मोठ्या उमेदीनं गोळी ठासायला घेतली. गोळी अर्ध्यात अडकली. त्यानं जोर लावला. कडकन गज मोडला आणि त्याचं टोक तळहातात घुसलं.

त्या दिवशी जेवताना दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. आर्डिसनं पट्टी बांधली तीसुद्धा न बोलता. दुसऱ्या दिवशी सकाळी लमार हिकरीच्या फाट्याचा नवा गज तासत बसला होता, तेव्हा ती दारात आली.

"चूक माझी," ती म्हणाली. "कोऱ्या कापडाला खळ असते. मी ती काढलीच नाही. इतकी वर्षं शर्ट शिवले आणि हे विसरले."

"मीही बैलासारखा जोर लावला."

"ते तर नेहमीचंच."

तिनं कापड दोनदा गरम पाण्यात धुतलं, वाळवलं, इस्त्री केली. आता चिंधी मऊ झाली, पण वीण तशीच घट्ट. गोळी नळीत अशी उतरली की लमारनं नुसतं "हं" केलं. लमारचं "हं" म्हणजे दुसऱ्याच्या टाळ्या. वेचलेली चिंधी काळी होती, पण सबंध.

तरी गोळ्या बशीत बसत नव्हत्या. मग लमारनं मेहुण्याचा सल्ला उलटा फिरवला. माप हळूहळू खाली आणत गेला. सत्तरच्या खुणेशी आला, तेव्हा आवाजच बदलला. आधी नळी खेकसायची, आता एक स्वच्छ टाळी वाजल्यासारखं वाटलं. पहिल्या दोन गोळ्या शेजारी शेजारी बसल्या. तिसरी मात्र वर उडाली. असं पुन्हा पुन्हा व्हायला लागलं. यात आर्डिसची मात्रा चालली नाही, ना विल्मरची. लमार दोन दिवस खाणीतल्या दगडावर बसून राहिला. मग त्याच्या ध्यानात आलं की दोन बारांनंतर नळीत काजळी साचते आणि तिसरी गोळी वेगळ्याच नळीतून गेल्यासारखी जाते. त्यानं प्रत्येक बारानंतर थुंकीनं ओलं केलेलं फडकं नळीतून फिरवायला सुरुवात केली.

त्या दिवशी आम्ही तिघं निशाणापाशी चालत गेलो. कागदाच्या मध्यावर काहीच नव्हतं. आर्डिसचं तोंड उतरलं.

"एकही नाही लागली?"

लमारनं डावीकडे खाली बोट दाखवलं. तीन भोकं, एकमेकांना चिकटून. तो मोठ्यानं हसायला लागला. मी त्याला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"अगं, तिन्ही एकाच ठिकाणी चुकल्यात!"

"मग त्यात हसण्यासारखं काय?"

"एकमत झालंय त्यांचं! आता फक्त जागा दाखवायची."

मग नळीवरची, नेम धरायची मागची खाच हातोडीनं हलकेच उजवीकडे सरकवली, पुढची माशी कानशीनं थोडी घासली, आणि मेपलची पानं लाल व्हायच्या सुमारास तीन गोळ्या बशीत बसल्या. नुसत्या बशीत नाहीत, कपाची गोल खूण असते ना बशीत, तिच्या आत. आर्डिसनं ती बशी सबंध होती याबद्दल देवाचे आभार मानले, कारण लमारनं निशाण आखायला तिच्या चांगल्या संचातली बशी नेली होती.

विल्मरला कळलं तेव्हा तो म्हणाला, "सत्तर? तेवढ्यानं सशाला खरचटायचं नाही."

"ससा नकोच आहे मला," लमार म्हणाला.

हंगामाच्या पहिल्या दिवशी मी आणि लमार ओढ्याच्या वरच्या अंगाला बसलो होतो. समोरच्या उतारावर एक नर आला. शिंगं अशी, की मी बघतच राहिलो. पण अंतर बरंच होतं, खाणीतल्या अंतराच्या दुप्पट तरी.

"मार की!" मी कुजबुजलो.

लमारनं बंदूक गुडघ्यावरच ठेवली. "तेवढ्या लांबची मला खात्री नाही."

"अरे, असा नर जन्मात पुन्हा..."

"येईल नाहीतर नाही येणार."

नर शांतपणे चालत निघून गेला. विल्मरनं ती गोष्ट गावभर सांगितली, दर वेळी शिंगांना एक फाटा वाढवून.

शनिवारी आर्डिस म्हणाली, "आज मी येते. माझं कापड काय करतं ते बघू दे." लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती, पण शिकारीला ती कधी गेली नव्हती. लमारचा जुना लोकरी कोट घालून, थर्मासमध्ये कॉफी घेऊन ती निघाली. मला वाटलं, आज काही मिळत नाही, कारण तिचं तोंड बंद राहणार कसं? पण ती हेमलॉकच्या बुंध्याला टेकून अशी बसली की एक चिमणा पक्षी तिच्या बुटाजवळ येऊन टिपून गेला. आणि आधी दिसलं तिलाच. तिनं लमारच्या बाहीला नुसतं बोट लावलं.

तीन माद्या ओढ्याकडून वर येत होत्या. पुढची मोठी, धष्टपुष्ट. ती आडवी होईपर्यंत लमार थांबला. मग खट, फुस्स आणि धाड, तिन्ही आवाज एकात एक. पांढऱ्या धुरापलीकडे काही दिसेना. लमार पुटपुटत होता, "कुठे आहे, कुठे आहे?" धूर सरला. मादी जिथं उभी होती तिथून थोड्याच अंतरावर बर्फात पडली होती, निश्चल. गोळी नेम धरला होता तिथेच, खांद्यामागे.

लमार तिच्याजवळ जाऊन गुडघ्यावर बसला, तिच्या मानेवर हात ठेवला. वळून बघतो तर आर्डिस दुसरीकडेच, बर्फात वाकून काहीतरी शोधतेय.

"आर्डिस! हरीण इकडे आहे!"

"ते कुठं पळून चाललंय आता? हे बघ!" तिनं चिंधी उंच धरली. "एक धागा उसवलेला नाही!"

आम्ही दोघांनी मादी ओढत खाली आणली आणि आर्डिस बंदूक घेऊन पुढे चालली. सवतीला तिनं पहिल्यांदाच हातात घेतलं होतं.

नववर्षाला त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. आमच्याकडे त्या दिवशी डुकराचं मांस आणि आंबवलेला कोबीच खायचा असतो. आर्डिसनं तेही केलं आणि शेजारी लोण्यात परतलेल्या हरणाच्या पाठीच्या मऊ चकत्याही ठेवल्या.

"वर्षाच्या पहिल्या दिवशी हरीण?" विल्मर म्हणाला. "अपशकुन!" आणि सगळ्यांत जास्त चकत्या त्यानंच वाढून घेतल्या. मग हात पुसत आर्डिसला हळूच विचारलं, "ते गादीच्या खोळीचं कापड उरलंय का थोडं? कोठाराच्या खिडकीला पडदा करावा म्हणतो."

"पडद्याला?"

"पडद्याला."

"देते. पण आधी धू हो, दादा. खळ असते. पडदा अडकेल."

लमारनं कोबीच्या ताटात मान घातली, पण खांदे हलत होते.

आता तो दुसरी बंदूक करतोय, आर्डिससाठी. दस्ता आखूड हवा, वजन हलकं हवं आणि लाकूड पट्ट्यापट्ट्यांचं मुळीच नको, असं तिनं बजावलंय. त्यानं अक्रोडाची फळी आणून सुकायला ठेवली आहे. काल मी गेलो तेव्हा दोघं त्या फळीवर वाकून खडूनं आखत होती आणि नळी किती लांब हवी यावर जोरजोरात भांडत होती. मला कुणी कॉफीसुद्धा विचारली नाही.