तपकिरी बाटली

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिला सगळे बाटलीमावशी म्हणत. उभी हयात नदीच्या पाण्याचे नमुने भरण्यात गेली, मग दुसरं काय म्हणणार?

काम दिसायला सोपं, करायला किचकट. पुलाखालचं पाणी बाटलीत काठोकाठ भरायचं, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि तिथल्या तिथे दोन औषधं घालायची. पाण्यात प्राणवायू असला तर तपकिरी साका बसतो, नसला तर पांढरा. सगळा उलटा कारभार! पांढरंशुभ्र दिसलं की समजायचं, पाण्यात जीव नाही. पुलापाशी गावचा नाला मिळे आणि उन्हाळ्यात नदीची धार करंगळीएवढी उरे. त्यामुळे तिथली उन्हाळी बाटली मावशीने वर्षानुवर्षं पांढरीच पाहिली होती.

अलीकडे तिचे हात कापू लागले होते. चहा ओतताना कपाआधी बशी भरायची. नवरा म्हणे, "कप राहू दे, मी बशीतूनच पितो." ती हसायची, पण मनात धास्ती असायची. हात गेले की काम गेलं, आणि नदीवाचून तिला करमणार नव्हतं.

त्या उन्हाळ्यात पुलाखालची बाटली तपकिरी झाली. मावशीने ती उजेडात धरून पाहिली. हात कापला, हवेचा बुडबुडा शिरला, दुसरं काय! तिने दुसरी भरली. तीही तपकिरी. मग श्वास रोखून आणखी एक भरली, तीही तशीच.

खोटा निकाल पुढे ढकलणं तिच्या रक्तातच नव्हतं. बाटल्या उचलून ती थेट प्रयोगशाळेच्या मुख्य मॅडमच्या टेबलाशी गेली.

"मॅडम, माझे हात कामातून गेले. दुसरं माणूस बघा."

मॅडम वयाने तिच्या लेकीएवढ्या. त्यांनी गमबूट चढवले, मावशीला घेऊन पुलाखाली गेल्या आणि स्वतः बाटली भरली. दोघी टक लावून बघत बसल्या. साका तपकिरी बसला.

"हात कापत असतील मावशी, पण बाटल्या चोख भरल्यात तुम्ही. वरच्या धरणातून आता उन्हाळ्यातही पाणी सोडतात, आणि नाल्याचं पाणीही साफ करून मगच नदीत येतं. विसरलात का?"

विसरली नव्हती. पण नदी सुधारली असेल यापेक्षा आपणच बिघडलो असू, हे तिला आधी खरं वाटलं होतं. तिचे डोळे भरून आले. धरणावरच्या कधी न पाहिलेल्या माणसांचे, नाला साफ करणाऱ्यांचे आणि बूट चढवून सोबत आलेल्या या पोरीचे तिने मनापासून आभार मानले.

"मग, सोडतेस का काम?" संध्याकाळी नवऱ्याने विचारलं.

"इतकी वर्षं आजाऱ्याच्या उशाशी बसले. आता कुठे त्याने डोळे उघडलेत, तर उठून जाऊ होय?" म्हणत तिने चहा ओतला.

बशी भरली. नवऱ्याने ती तोंडाला लावली.