चांगुणाबाईंची गच्ची

…तर चांगुणाबाईंनी ती खडूची रेघ टाचेनं पुसूनच टाकली! काल गोष्ट तिथंच अडली होती.

रेघ मारली होती संदीपनं. जामखेडहून सोलर बसवायला आलेला इंजिनियर, खर्डा गावात त्या दिवशी त्याला चार घरं उरकायची होती. गच्चीच्या मावळतीला खुणा करून तो म्हणाला, "मावशी, मीटर इकडंच, वायर कमी लागती. प्लेटा हितंच."

बाई बारा वर्षं घरी गिरणी चालवतात. लाईट गेली की दळण अडतं, म्हणून हा सोलरचा घाट. खुरपणीच्या बाया तीनला रानातनं सुटतात आणि डोक्यावर डबा घेऊन थेट बाईंच्या दारात. त्या वेळी गिरणी गप्प राहिली, की त्याच बाया एसटी स्टँडवरच्या मोठ्या गिरणीला जाणार. एकदा गेलेलं दळण माघारी येतंय व्हय?

"हितं न्हाई," रेघ पुसत बाई म्हणाल्या. "पलीकडं शेजारच्या कानिफनाथनं मजला चढवलाय. थंडीत तिनाला हितं सावली पडती."

संदीप हसला. "आत्ता बारा वाजलेत, कुठाय सावली? मोबाईलमधी सगळा हिशोब येतो, मावशी."

"तुझा मोबाईल वैशाखात आलाय. मी पौषात हितं बोरं वाळवती. उगवतीची चार दिवसांत खडखडीत, मावळतीची आठव्या दिवशी बी वली. एका प्लेटीवर सावली पडली तर काय हुतं, तूच सांग."

संदीप मान खाजवत म्हणाला, "प्लेटा एकीला एक जोडल्याल्या, सगळी माळच मंदावती. पण उगवतीला कठडा हाय. प्लेटांचं स्टँड उंच करावं लागंल, अर्धा दिवस जाईल."

पायरीवर बसलेले उत्तमराव, म्हणजे बाईंचे यजमान, तंबाखू मळत बोलले, "अगं, शिकलेला माणूस हाय. आता सूर्याला बी तूच वळण लावणार व्हय?"

"सूर्य बरुबर चाललाय. तुमीच जरा सरका, जिन्यात बसलाय."

संदीपला हसू आलं, पण लगेच त्यानं मंजुरीचा कागद पुढं केला. "मावशी, सही करताय का निघू? तीन घरं खोळंबल्यात."

गिरणी बाईंच्या नावावर, तेव्हा सहीही बाईंचीच. त्यांनी कागद घेतला, घडी घातली, त्याच्याच खिशात खोचला आणि म्हणाल्या,

"जा की बाबा, ती घरं उरक. उद्या ये, नाहीतर दिवाळीनंतर ये. पण येशील तेव्हा उंच स्टँड घेऊन ये, सही मी उगवतीला उभी राहून करीन. सावलीत माजी गिरणी चालत न्हाई."