दाराकडे तोंड करून ठेवलेले बूट

आधी आमच्या मालकीणबाईंचं सांगतो, काय घडलं ते मग. कारखान्यांच्या पट्ट्यातल्या कुरुळीत दहा पत्र्याच्या खोल्यांची जी लाइन आहे, ती त्यांची. जुन्या गावकरी. वय सत्तरीच्या पुढं, आवाज मात्र कंपनीच्या भोंग्याला मागं टाकणारा. आज माझी बायको आणि सहा वर्षांची पोरगी माझ्याजवळ आहेत, परभणीकडच्या गावी परत गेल्या नाहीत, ते या बाईंमुळं. सातवीत शाळा सोडलेला माणूस मी. लिहिण्यात काही मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या, कारण हे सांगताना मला अजूनही धीर धरवत नाही.

मी प्रेस शॉपला आहे, कंत्राटावर. पत्रा ठेवायचा, हात बाहेर घ्यायचा, पेडल दाबायचं. रात्रपाळी असली की सकाळी नऊला अंग टाकायचं. पण पोरांची शाळा सकाळची. बाराला पोरं घरी, आणि पोरं घरी म्हणजे ढोलपथक! तेलाचे रिकामे डबे, झाकणं, लाटणी. अकरा पोरं आणि सगळ्यांत पुढं कंबरेला ओढणी बांधून माझीच पोरगी. तिनं हात वर केला की दणका सुरू.

असे चार दिवस गेले. पाचव्या रात्री मशीनवर उभ्या उभ्या माझा डोळा लागला. सुपरवायझरनं कॉलर धरून मागं ओढलं. "भावा, बोटं गेली असती की! परत डुलकी दिसली तर गेटपास जमा करून घरी बसायचं."

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "हा महिना बघू. नाहीच झोप झाली, तर तुम्ही दोघी गावाकडं जा." तिचा भाकरी थापणारा हात तेवढा थांबला.

पोरीवर मी ओरडलो. डबा हिसकून घेतला. "आपल्या दारात वाजवायचं नाही, सांगून ठेवतो!" आणि पोरगी शहाणी, तिनं शब्द न् शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी पथक चौथ्या खोलीपुढं नेलं. तिथला माणूसही रात्रपाळीचाच! तो डोळे चोळत माझ्या दारात. "राव, तुमच्या पोरीनं तर माझी सुपारीच घेतली."

मी लाजेनं मेलो. म्हणजे मी पोरीला शिकवलं काय? तर आपला बाप झोपू दे, दुसऱ्याचा उठला तर उठू दे.

हे मालकीणबाईंनी ओट्यावरून ऐकलं. मी पोरीचा कान धरायला निघालो, तर म्हणाल्या, "सोड. जिच्या मागं अकरा पोरं चालत्यात, तिला गप करतोस व्हय रं? सगळी लाइन तीच शानी करंल. तू जा, झोप."

पुढचं मला नंतर बायकोनं सांगितलं. मी झोपल्यावर मालकीणबाई पोरीला घेऊन माझ्या उशाशी बसल्या. "बोलायचं न्हाई. नुसतं बापाकडं बघायचं. मंग मला सांग काय दिसलं." पोरगी बराच वेळ बसली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पोरगी मालकीणबाईंच्या कानात म्हणाली, "आजी, पप्पा झोपलेत पण त्यांची बोटं घाबरली."

"आता ह्ये तुज्या पलटणीला कोन सांगनार?"

"मी!"

आणि सांगितलं कसं, तर एकेका पोराला खिडकीशी आणून मला दाखवलं! मी बनियनवर, तोंड उघडं टाकून घोरतोय, आणि गजांतून पोरं बघतायत. "थांब हां, आता हॉर्न वाजेल. बोटं बघ." प्राणिसंग्रहालयच की! पण पोरं बघून गेली ती आपापल्या घरात बघायला लागली. कुणाचा काका झोपलेला, कुणाची आई, तीही शिफ्टवालीच.

बुटांची युक्तीही पोरीचीच. सेफ्टी शूज सगळ्यांचे दाराबाहेरच असतात. बुटांचं तोंड दाराकडं, म्हणजे आत माणूस झोपलंय. तोंड रस्त्याकडं, म्हणजे वाजवा बिनधास्त. मोठी माणसं विसरली तर पोरंच बूट फिरवून ठेवायची.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. एका दुपारी मला जाग आली ती शांततेनं. तीन वाजले होते! सलग सहा तास झोप, आणि बाहेर चिटपाखरू नाही. हमरस्त्यावर दिवसभर कंटेनर धावतात. पोरं गेली कुठं? तसाच अनवाणी बाहेर पळालो.

गल्लीच्या टोकाकडून पथक येत होतं. अकराच्या अकरा, एका रांगेत, चवड्यांवर. डबे छातीशी धरलेले. पुढं माझी पोरगी, ओठांवर बोट, प्रत्येक दारात वाकून बूट बघत. चौथ्या खोलीवाल्याचं नुकतंच गावाहून आलेलं एक बारकं पोर, रांगेतलं बारावं, मधेच झाकणावर टण्णकन वाजवून गेलं. माझी पोरगी वळायच्या आत सातव्या खोलीतल्या मुलीनं त्याचा हात धरला, खाली बुटांकडं दाखवलं आणि दोन्ही तळवे गालाखाली धरून झोपायची खूण केली. त्या पोरानं मान डोलवली. बस्स! ती माझी पोरगी नव्हती, तिला कुणा मोठ्या माणसानं सांगितलं नव्हतं. एकीचं दुसरीकडं गेलं होतं, दुसरीचं तिसऱ्याकडं चाललं होतं. मला वाटलं आत्ता ओरडावं, शिट्टी मारावी! पण चार दारांत बूट आत तोंड करून होते. मी तोंडावर हात दाबून नाचलो. खरंच नाचलो, अनवाणी.

रांग मालकीणबाईंच्या मागच्या अंगणात गेली. पोरीनं हात वर केला आणि तिथं असा काही दणका उडाला!

त्या रात्रीची पाळी मी ताठ उभं राहून काढली. महिना सरला. गावाकडं जायचं बोलणं पुन्हा निघालं नाही.

एक गोष्ट मला उशिरा समजली. त्याच अंगणात चिंचेखाली मालकीणबाईंची बाज असते. दुपारी त्या तिथं झोपायच्या. पोरांना वाजवायला जागा दिली ती त्यांनी स्वतःची झोप उठवून. मला राहवेना. गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून दुपारी सगळी पोरं घेऊन इंद्रायणीकाठी मोशीला गेलो. म्हटलं, आज तरी बाई झोपतील. परत आलो तर त्या ओट्यावर, कमरेवर हात. "कुटं नेली हुतीस पोरं? त्यांच्याबिगर माझा डोळा लागंना!"

म्हणजे हे ऋण इतक्या सहजी फिटणारं नाही. पण मालकीणबाई, शब्द देतो. कधीतरी तुम्हाला खरीखुरी विश्रांती लागेल, त्या दिवशी मी रजा टाकीन. माझे बूट दाराकडं तोंड करून तुमच्या उंबऱ्याशी ठेवीन आणि त्यांच्या शेजारी मीच बसेन, तुम्ही आपसूक उठेपर्यंत.