शिवपुरी रोडचा प्लॉट

मी नोकरीसाठी पुण्याला निघाले तेव्हा झाशी स्टेशनवर बाबांचा चेहरा अगदी उतरला होता. गाडी हलायला लागली तसे खिडकीशी येऊन म्हणाले, "तो प्लॉट घेतला असता तर आज हातात पैसा असता, तुला असं जावं लागलं नसतं." मी रडले. सगळ्यांनी पाहिलं.

प्लॉटची गोष्ट झाशीत राहिलेल्या आपल्या मराठी लोकांना पाठ आहे, माझ्यासारख्या झाशी सोडून गेलेल्यांसाठी पुन्हा सांगते. मी दहा वर्षांची असताना एक दलाल बाबांना शिवपुरी रोडवर जमीन दाखवायला घेऊन गेला. "पंडितजी, शहर इधर ही आएगा," हे त्याचं पालुपद. पण आपल्या मराठी घरांची जागा बघायची रीतच वेगळी! आईने स्टोव्ह, पातेलं आणि तूरडाळ बरोबर घेतली होती. तिथल्याच विहिरीचं पाणी काढून तिने वरण शिजत ठेवलं. दोन तास झाले तरी डाळ जशीच्या तशी. पाणी जड आहे म्हणत आईने पातेलं उतरवलं, आणि व्यवहार तिथेच मोडला. मग तेवढ्याच पैशांत शहरात, गोड्या विहिरीच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. तेव्हा सगळ्यांनी बाबांना शहाणं म्हटलं, कारण त्या काळी जागेचा भाव पाण्यावर ठरायचा.

पुढे नळ आले, कुकर आला आणि विहिरीला कुणी विचारेना. लोक बस कुठून जाते ते बघायला लागले, मग कॉलेज किती जवळ आहे ते. आता चारचाकी दारापर्यंत येते का, एवढंच विचारतात. आमच्या गल्लीत स्कूटरसुद्धा अंग चोरून जाते. पुण्यात फ्लॅट घेताना बिल्डर मला मेट्रोचं कौतुक सांगत होता आणि मी आपली पाण्याचंच विचारत बसले होते.

गेल्या दिवाळीत माझ्या दादाने आम्हाला गाडीतून त्या रस्त्याला नेलं. त्या प्लॉटवर आता झगझगीत मॅरेज गार्डन, म्हणजे लग्नाचं लॉन आहे. दादाने आजचा भाव सांगितला. मग पंच्याऐंशीच्या बाबांचं तेच जुनं सुरू झालं, की माझ्यामुळे पोरीला घर सोडावं लागलं.

मला राहवेना. "बाबा, मला जायचंच होतं. प्लॉट असता तरी गेले असते. झाशीपुढचं बबीना स्टेशन मागे पडलं आणि मी डब्यातले सगळे लाडू एकटीने खाल्ले, इतकी खुश होते मी."

तीस वर्षं हे पोटात ठेवलं होतं. निघताना आनंद झाला असं म्हणणं म्हणजे घराशी बेइमानी, असंच वाटायचं मला.

"अगं, मग तेव्हाच सांगायचंस की," बाबा म्हणाले. "मी उगाच झुरत बसलो."

मग त्यांनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरले आणि त्या गार्डनच्या गेटपाशी मला शेजारी घेऊन ऐटीत उभे राहिले. दादाला म्हणाले, "काढ फोटो." कधीच आमच्या नसलेल्या जागेसमोर आम्ही दोघं पोट धरून हसतोय, असा तो फोटो आहे. पुण्यात कुणी विचारलं, तुमचं घर कुठलं, की मी तोच दाखवते.