तात्यांची काच

मोटारीच्या ड्रायव्हरांकडे किस्से कमी नसतात, आणि आमच्याकडे तर ते साठायला वेळही भरपूर! लढाईचे दिवस. पेट्रोल मिळेना, म्हणून मोटार कोळशाच्या गॅसवर. भट्टी पुन्हा पेटून गॅस धरेपर्यंत वाटेतल्या खांडबाऱ्याच्या स्टँडवर चहा प्यायचा आणि गप्पा हाणायच्या, दुसरं काम काय?

नंदुरबार-नवापूर सर्व्हिसवर आम्ही दोघं ड्रायव्हर. जाताना तात्या, येताना मी. जो चालवत नसेल त्यानं तिकिटं फाडायची आणि काच पुसायची. थंडीत पहाटे माणसं भरली की समोरची काच आतून पांढरी! बाहेर धुकं, आत धुकं, मधे आम्ही तरंगत चाललोय असं वाटायचं. मला ते फार आवडायचं. तात्यांना नाही.

काचेवर तात्यांचा उपाय म्हणजे तंबाखू. ओली करून खसाखसा चोळायची. एकदा मागून धानोऱ्याचे एक पाटील ओरडले, "मोटारले तंबाखू देतस, अन् आम्हले इचारत भी नई!"

मग तात्यांनी पुडी मागे पाठवली. परत आली तेव्हा रिकामी! त्या दिवशी काच धोतराच्या सोग्यानं पुसली.

दुसरा उपाय याहून सोपा. तात्या मान वळवून दटावायचे, "श्वास हळू ल्या रे भो, काच भरस!"

चिंचपाड्याला निघालेली एक म्हातारी फटकन म्हणाली, "श्वास अर्धा, तं टिकिट भी अर्धं!"

एकदा डोंगराकडचं वऱ्हाड होतं. ख्रिस्ती मंडळी, पहाटेचं लग्न. बसल्यापासून गाणी. काचेवर इतकी वाफ धरली की रस्ताच गेला. तात्यांनी गाणं थांबवायला सांगितलं. सगळे गप्प झाले. नवरी तर ओठ मिटून बसली, जणू तिच्यामुळेच लग्न चुकणार. मोटार त्या शांततेत कोसभर गेली असेल.

मग तात्याच म्हणाले, "म्हना, म्हना गाना. रस्ता मन्हा पाठ शे."

आणि खरंच, न बघता पोहोचवलं! सगळे खूश. मी मात्र तेव्हापासून तात्यांच्या डोळ्यांकडे बघायला लागलो.

मोटारीच्या मालकानं, शेठनं, बजावून ठेवलं होतं, नजर गेली की स्टिअरिंग गेलं. तात्यांना घरदार नव्हतं, मोटारीतच झोपायचे. माझा त्यांच्यावर जीव होता. म्हणून ऊन वर आल्यावर, काच लख्ख असतानाही ते "पुस रे" म्हणाले, की मी मुकाट पुसायचो.

माघात ती काच फुटली. लढाईत नवी कुठून आणणार? आम्ही नुसत्या चौकटीनं मोटार काढली. छान ऊन पडलं होतं. दोन्ही बाजूंना कापसाची शेतं, गार वारा सरळ तोंडावर. पाच-सहा पॅसेंजर डुलक्या घेत होते.

तात्या म्हणाले, "काच पुस रे भो, काहीच दखात नई."

मागे कुणीतरी जागं झालं. कुणी हसलं नाही. मी फडकं घेतलं आणि रिकाम्या चौकटीत हात फिरवला. हात बाहेर उन्हात गेला, परत आला.

"व्हयनी का साफ?"

"व्हयनी, तात्या."

तात्यांनी हळूहळू मोटार बाभळीखाली घेतली. ब्रेक लावला. उतरले, चाचपडत बॉनेटला वळसा घालून माझ्या बाजूला आले.

"सरक तिकडे. आते तू चालाड," ते म्हणाले. "अन् ते फडकं दे मन्हाकडे."