टोपड्याचा पदर

अकोल्यात नोकरीला होतो तेव्हा रविवारी जुन्या बाजारात हिंडायचो. तिथल्या एका भंगारवाल्याकडे दगडी छापाच्या जुन्या तसबिरी भिंतीला टेकवून ठेवलेल्या असत. हौशी माणसं लांबून त्या घ्यायला येत. मी नुसता बघायचो. छप्पन साली आम्ही धम्म घेतला तेव्हा वलगावच्या घरातल्या देवांच्या तसबिरी मीच उतरवल्या होत्या आणि नदीत सोडायला चुलत्याच्या हाती दिल्या होत्या.

त्या रविवारी एक गृहस्थ मोरावरची सरस्वती उजेडाला धरून उभे होते. सरस्वतीच्या पदरावर जर आणि टिकल्या डकवलेल्या होत्या. एका खांद्यावर हिरवा काठ, दुसऱ्यावर लाल छिटाचा तुकडा.

तो तुकडा माझ्या टोपड्याचा होता. मला शाळेत घातलं त्या साली आईनं बाभळीचा डिंक लावून ती सरस्वती सजवली होती. लुगड्याचा काठ पुरला नाही म्हणून तिनं माझं टोपडं फाडलं होतं.

"छाप अस्सल आहे," गृहस्थ म्हणाले, "पण कुण्या अडाण्यानं चिंध्या डकवून नासवलाय. वाफेवर धरल्या की निघतील."

"हात लावून तर पाहा!" मी ओरडलो.

"काहून भडकून राहिले साहेब?" भंगारवाला म्हणाला. "तुमच्या घरची हाय का?"

"हो. माझ्या घरची आहे."

मी गृहस्थांच्या हातातून तसबीर जवळजवळ हिसकावलीच. भंगारवाल्यानं मागितले तेवढे पैसे दिले आणि वलगावला जायला तडक अमरावतीची मोटार पकडली. वाटभर चुलत्याला मनात शिव्या घालत होतो. नदी घरापासून हाकेच्या अंतरावर, तेवढंही त्याला चालवलं नाही!

आईपुढे तसबीर ठेवली. वाटलं होतं, ती हरखेल. ती कपाळाला आठ्या घालून बघत राहिली.

"हे कायले आणली घरात?"

"तुझ्या हातचं काम आहे आई. चुलत्यानं विकून टाकली होती."

"त्याले काय बोलतं? तू देल्ली त्याच्या हाती." तिचा आवाज चढला. "देव म्या माह्या तोंडानं सोडले. कोनाच्या सांगन्यावरून नाही. पन तू भराभरा भिंतीवरून काढल्या अन् बांधल्या. मले इचारलं का, माय, यातलं तुहं काय हाय? तुले मोठी घाई! शिकेल-सवरेल ना तू!"

सभेत बायकांच्या हक्कांवर बोलणारा मी, त्या दिवशी आईला चुलीपुढून उठूही दिलं नव्हतं.

तिनं काच काढली. ओलं फडकं डिंकावर दाबून धरलं आणि सुईच्या टोकानं जर, काठ, टोपड्याचा तुकडा, सगळं सोडवलं. तुकड्याबरोबर सरस्वतीचा खांदा फाटून आला. तिनं तो कागद नखानं खरवडला, लाल छीट वाळत घातलं आणि उरलेली तसबीर माझ्याकडे सरकवली.

"घे. आता तूच जाय नदीवर. दुसऱ्याच्या हाती देशीन तर याद राख."

गेलो. लाकडी चौकट पाण्यावर तरंगत राहिली, काही केल्या बुडेना. ती दाबून धरायला मोठा दगड शोधत मी काठानं फिरत होतो, आणि चुलत्याला घालायला एकही शिवी आता तोंडात येत नव्हती.